दोन्यातलं जांभूळ, बाटलीतली ब्लॅकबेरी

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, एका आठवडी बाजारात भाजीची ओळ संपते आणि मडक्यांची सुरू होते, त्या कोपऱ्यात चार बाया पोती अंथरून बसतात. दुकानाला नाव नाही, पाटी नाही. छप्पर म्हणजे चार बांबूंवर ताणलेली निळी ताडपत्री. उन्हाळ्यात इथं चारं (चारोळीची फळं), टेंभरं (तेंदूची फळं), जांभळं मिळतात, हिवाळ्यात बोरं, येरोण्या, आवळे. वाळलेला माल बारमाही: बोरकूट, चारोळी, जांभळाच्या बियांची पूड. अलीकडे त्यात एका बाटलीची भर पडली आहे, वर ठळक अक्षरांत ‘ब्लॅकबेरी सरबत’. निकाल आधीच सांगून टाकू: दोन्यातला, म्हणजे पानांच्या द्रोणातला, माल उत्तम, पुडीतला मध्यम, बाटलीतला फसवा. माल पारखायला वेगळं काही शिकावं लागत नाही. जुन्या बोलण्यात या फळांबद्दल जे शब्द आणि नेम पडून आहेत, त्यांवरच सगळी कसोटी उभी राहते.

सुरुवात जांभळापासून, कारण गर्दी तिथंच असते. आधी नावाचा घोळ. वऱ्हाडात ‘ळ’चा ‘य’ होतो, झाडीत ‘ळ’चा ‘र’. अमरावती-अकोल्याकडे ‘जांभूय’, इकडे ‘जांभूर’. तोंड भरून ‘जांभूळ’ म्हटलं की गिऱ्हाईक बाहेरचं आहे हे बाईला कळतं, आणि मग टोपलीतला कोणता थर दोन्यात येईल ते सांगता येत नाही.

माल दोन जातींचा येतो. एक रायजांभूळ, लांबट, अंगठ्याच्या पेराएवढं, गर भरपूर. दुसरं बारकं, गोलसर, बी मोठी आणि गर नावापुरता. याला लेंडी जांभूळ म्हणतात आणि नावावरूनच त्याची पायरी कळते. या बायांच्या ओळीत दोन्ही असतात. पण त्या लपवाछपवी करत नाहीत, एका टोपलीत राय, दुसरीत लेंडी, आणि ‘कोनती देऊ जी?’ असं विचारतात. खायला राय घ्यावं. सरबताला लेंडी चालतं, उलट रंग दाट येतो, फक्त गाळायला मेहनत जास्त.

महत्त्वाची गोष्ट: जांभूळ झाडावरून उतरलं की पुढे पिकत नाही. आंबा आढीत पिकतो, केळी-चिकू कोनाड्यात ठेवले तरी मऊ होतात. जांभळाचं तसं नाही, तोडलं तेव्हा जेवढं पिकलं होतं तेवढंच ते राहतं. म्हणून ‘गदर (अर्धकच्चं) असेना का, घरी दोन दिवस ठेवू’ हा हिशेब फसतो. गदर जांभूळ दोन दिवसांत सुरकुततं, गोड होत नाही. ओळखायची खूण देठाच्या खळगीत आहे. बाकी फळ काळंभोर आणि खळगीभोवती तांबूस-हिरवट कडं असेल तर ते गदर. पिकलेलं जांभूळ देठापर्यंत एकसारखं काळं असतं आणि बोटानं दाबलं की हलकं दबतं, फुटत नाही. गदर जांभूळ खाल्लं की घसा धरतो. तो तुरटपणा टॅनिनचा. मीठ लावलं की तो बराच मावळतो. इथल्या बाया पळसाच्या पानांच्या दोन्यात जांभळं टाकून वरून वाटलेलं खडेमीठ भुरभुरतात आणि दोना दोन-तीनदा हलवतात. ते नुसतं चवीला नसतं. मिठानं साल किंचित पाझरते, रस सुटतो आणि तोंड आकसत नाही. २० रुपयांच्या दोन्यात रायजांभूळ पंचवीसेक बसतात. भाव रास्त आहे.

झाडावरून उतरवण्याच्या दोन तऱ्हा आहेत आणि मालाचा निम्मा फरक तिथंच पडतो. झोडलेलं जांभूळ काठीच्या माराचं, जमिनीवर पडलेलं. त्याला माती चिकटते, साल फाटते, संध्याकाळपर्यंत आंबूस वास येतो. दुसऱ्या तऱ्हेत एक जण बांबूच्या आकडीनं फांदी धरून हलवतो आणि खाली दोघी लुगडं किंवा चादर ताणून धरतात. हा माल कोरडा आणि अखंड राहतो. झाडावर चढून फांदीच्या टोकापर्यंत कुणी जाणतं माणूस जात नाही. जांभळाचं लाकूड ठिसूळ. बाभळीची फांदी आधी वाकते, करकरते, सावध करते. जांभळाची एकदम कडाक्कन मोडते. गंमत अशी की हेच लाकूड पाण्यात मात्र चिवट. ते लवकर कुजत नाही म्हणून जुन्या विहिरींच्या बांधकामाखाली बसवायच्या लाकडी कड्याला जांभळाचं लाकूड वापरत.

या ओळीतला माल बहुतेक चादरीवरचा. तरी घेताना टोपलीच्या तळाकडे एकदा पाहावंच. बांबूच्या टोपलीत पळसाची पानं अंथरून माल भरतात. त्या पानांवर जांभळा रस साचलेला असेल तर खालचा थर चेंगरला आहे, आणि चेंगरलेलं जांभूळ सोबतच्या दहांना नासवतं. हात घालून उलथापालथ केलेली कुणाला आवडत नाही, पण ‘खालची दाखवा ना माय’ म्हटलं की टोपली तिरपी करून दाखवतात. हे वागणं चांगलं. घरी आणल्यावर न धुता, पसरट डब्यात एकाच थरात ठेवावीत. उन्हाळ्यात बाहेर एक दिवस, फार तर दीड. फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस. धुवायची ती खाण्याच्या वेळी.

आता हंगाम. जुने लोक महिन्यांपेक्षा नक्षत्रांवर बोलतात: रोहिणीत लागतं, मृगात भरतं, आर्द्रात किडतं. रोहिणी २५ मेच्या सुमारास लागते, मृग ७-८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला. यात अंधश्रद्धा काही नाही. मृगाचा दमदार पाऊस झाला की पिकलेल्या फळात पाणी भरतं, साल तडकते, गोडी उतरते. ओलीबरोबर फळमाश्या वाढतात, मादी सालीखाली अंडी घालते आणि आठवड्याभरात आत पांढरी अळी वळवळते. म्हणून आर्द्रा लागल्यावर जांभूळ खाऊ नये असं घरोघरी सांगितलं जातं. ही ओळ पावसानंतरही आठवडाभर जांभूळ विकते, ही तिच्याबद्दलची पहिली तक्रार. त्या दिवसांत घ्यायचंच असेल तर लिटरभर पाण्यात दोन चमचे मीठ घालून जांभळं पंधरा-वीस मिनिटं बुडवावीत. अळी असली तर बाहेर येते. मग खायची की टाकायची ते ज्याचं त्यानं ठरवावं.

विदर्भातल्या गावांची नावं वाचत गेलं तरी ही झाडं भेटतात. चंद्रपूरकडचं जांभुळघाट, अकोल्याजवळचं बोरगाव मंजू, यवतमाळातलं बोरी अरब. वर्ध्याकडे तर बोर नावाची नदी, तिच्यावरचं धरण आणि त्या रानातला व्याघ्रप्रकल्पही बोर. रंगाचं नावच जांभळा, त्याला दुसरा सोपा मराठी शब्द शोधून दाखवावा. आणि पूजेला बसलं की गुरुजी संकल्पात ‘जंबुद्वीपे भरतवर्षे’ म्हणतात, म्हणजे आपला पत्ता सांगतानाही आधी जांभळाचं झाड येतं.

जांभळाच्या आधी, एप्रिल-मे महिन्यांत, याच पोत्यावर चारं येतात. चाराचं फळ वाटाण्याहून थोडं मोठं, पिकलं की काळं-जांभळं, चव गोड-आंबट. गर पातळ, पण खाणाऱ्याची बोटं आणि जीभ दोन्ही रंगतात. झाडीतल्या पोरांना हे उन्हाळ्याच्या सुटीचं फळ. दोना छोटा, १० रुपये. इथं घ्यायचं कारण ताजेपणा: सकाळी वेचलेली चारं दुपारच्या बाजाराला येतात. बाकी शहरात चार कुणाला माहीत नाही, चारोळी माहीत आहे. तो याच फळाच्या कठीण बीमधला गर.

ओळीतली चारोळी मात्र सावधपणे घ्यावी. नीट चारोळी अशी होते: पिकलेली चारं रात्रभर पाण्यात भिजवतात, सकाळी गोणपाटावर चोळून साल-गर काढतात, बिया धुऊन दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवतात. मग जात्याची वरची पाळी किंचित उचलून, म्हणजे खुंट्याशी कापडाची घडी ठेवून, बिया भरडतात. फट जास्त झाली तर बी फुटत नाही, कमी झाली तर आतला दाणाही चिरडतो. सुपात पाखडून टरफल वेगळं केलं की दाणा उरतो. किलोभर बियांतून मूठ-दोन मुठी चारोळी, म्हणून ती महाग. चिरडलेल्या दाण्याचं तेल सुटतं आणि महिनाभरात ती खवट होते. इथल्या पुडीत दर वेळी चौथा हिस्सा तुकडे सापडतात. दोन दाणे चावून पाहिल्याशिवाय घेऊ नये. जिभेच्या मागच्या टोकाला कडसर लागलं की पुडी परत करावी. बाया कुरकुर न करता परत घेतात.

यातला मोठा रोग या चौघींच्या हातचा नाही. दुसऱ्यानं नेण्याआधी आपण तोडावं म्हणून चारं हिरवी असतानाच ओरबाडली जातात, कधी तर फांदीच छाटतात. हिरव्या फळाच्या बीत दाणा बारीक आणि पाणचट असतो, वाळला की सुरकुततो. पुडीत पिवळट-पांढरे, फुगीर दाणे दिसले तर फळ पिकून उतरलेलं. राखाडी, चपटे, मुडपलेले दिसले तर घाई झालेली.

हिवाळ्यातली ओळ वेगळीच. ‘बोर भाजी आवळा, कृष्णदेव सावळा’ हे तुळशीच्या लग्नाच्या वेळचं म्हणणं बोरांचं पंचांगच आहे. कार्तिकात पहिली बोरं देवाला, नंतर घरात. संक्रांतीला सुगडात बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे. लहान लेकराचं बोरन्हाण. म्हणजे कार्तिकात सुरुवात आणि पौष-माघात भर. या नेमात शहाणपण आहे: दिवाळीआधीचं गावरान बोर हिरवं, तुरट आणि पिठूळ असतं. बोलण्यातही बोर हे माप होतं. गारा पडल्या तर ‘बोराएवढ्या’, औषधाची गोळी तर ‘बोराएवढी’. जुन्या वैद्यकात तर ‘कोल’ म्हणजे बोर हे सरळ वजनाचं माप आहे, दोन कोल म्हणजे एक कर्ष.

या बोरांसोबत एका सुपात येरोण्या असतात, आणि काळ्या फळांची खरी दर्दी मंडळी त्यांच्यासाठीच येतात. येरोणी ही बोरीचीच रानटी बहीण, पण झाड नव्हे. काटेरी झुडूप, वेलीसारखं दुसऱ्या झाडावर चढणारं, काटा मागे वळलेला. हात आत सहज जातो, बाहेर काढताना अडकतो. फळ वाटाण्याएवढं, पिकलं की काळं आणि तकतकीत, चव आंबटगोड, आत एकच कडक बी. गर इतका कमी की पोट कुणाचं भरत नाही. तोंडात टाकायची, चघळायची, थुंकायची. बाया त्या पायलीनं मोजत नाहीत, चिपट्यानं मोजतात, यावरूनच वेचायला किती वेळ जातो ते समजावं. (पायलीत चार शेर, शेरात चार चिपटी.) वजनकाटा शेजारी पडलेला असतो तरी येरोणीला माप लाकडीच. शीग लावून देतात, सपाट करून नाही. माल एक नंबर, तक्रार शून्य.

बोरकुटावर मात्र थोडं लांबण लावावं लागेल, कारण मागणी सगळ्यात जास्त त्याला आणि बिघाडही सगळ्यात जास्त त्यात.

चांगल्या बोरकुटाला गावरान बोर हवं, लाल-तपकिरी होऊन झाडाखाली गळलेलं, सुरकुतायला लागलेलं. पिवळं करकरीत बोर खायला छान, पण वाळल्यावर त्याचा कूट चोथट आणि फिका होतो. आधी दहा बोरं फोडून पाहावीत. बारीक भोक, आत काळपट भुसा म्हणजे अळी; दहात दोनहून जास्त निघाली तर तो ढीगच घेऊ नये, कारण कुटल्यावर अळी दिसत नाही, फक्त कडवट वास येतो. निवडलेली बोरं धुऊन, कापडावर पसरून सहा ते आठ दिवस वाळवायची. अंगणात थेट जमिनीवर पसरली की कचकच आलीच. संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा करायची, नाहीतर रात्रीतून ओल धरतात आणि चौथ्या दिवशी बुरशीची पांढरी लव दिसते. वाळलं की नाही हे कानानं कळतं: मूठभर बोरं हलवली की आतली आठळी खुळखुळते. खुळखुळत नाही तोवर कुटू नये.

कुटायला लाकडी उखळ आणि हलका हात. मुसळाच्या टोकाला लोखंडी कडं असेल तर त्यावर चिंधी बांधतात. साल-गर भुगा व्हावा आणि आठळी शाबूत राहावी, इतकाच मार. जोर जास्त झाला की आठळी फुटते, तिच्या कवचाचे टोकदार तुकडे कुटात जातात आणि चाळणीतूनही काही निसटतात. दातांचा दवाखाना तिथून सुरू होतो. मिक्सरमध्ये केलेल्या बोरकुटात हे हमखास. मग आधी मोठ्या चाळणीनं, नंतर रव्याच्या चाळणीनं असं दोनदा चाळायचं. पाच किलो ओल्या बोरांचा कूट किलोच्या आतबाहेर भरतो. किलोला साधं मीठ ५० ग्रॅम, काळं मीठ १० ग्रॅम, भाजून कुटलेलं जिरं दोन चमचे, तिखट एक चमचा. गूळ घालायचा तर १०० ग्रॅमच, आणि तोही महिनाभरात संपणार असेल तरच. गूळ हवेतली ओल ओढतो आणि कूट गोळा धरतो.

या मापानं ओळीतलं बोरकूट कसं? रंग खरा आहे, ओल्या विटेसारखा. आंबटपणा बोराचा आहे, लिंबूसत्वाचा नाही. तो फरक असा की बोराचा आंबटपणा हळू चढतो आणि गोडीवर संपतो, लिंबूसत्वाचा पहिल्याच चिमटीला दात आंबवतो. पण जिरं कच्चं घातलेलं असतं, त्यामुळे पंधरवड्यात वास मरतो. आणि कचकच. प्रत्येक पुडीत नाही, पण चार पुड्यांतल्या एकीत नक्की. विचारलं तर उत्तर तयार: ‘रानातलं हाय जी, माती थोडी तं रायलच.’ राहू नये. कापड अंथरलं की राहत नाही. १० रुपयांच्या पुडीला पाचपैकी तीन.

शाळेच्या फाटकाशी मिळणारं लालभडक बोरकूट आणि हे, यांची तुलना करायची तर पाण्याचा पेला पुरे. चिमूटभर टाकून ढवळू नका, नुसतं पाहा. खरा कूट फुगून हळूहळू तळाशी बसतो, पाणी फिकट तपकिरी होतं. रंग मिसळलेला असेल तर लाल रेघा लगेच खाली उतरतात.

जांभळाच्या बियांची पूड बारमाही खपते, मधुमेहवाले घेतात. पुडीची कसोटी सोपी: रंग फिकट तपकिरी, वास कोरड्या लाकडासारखा, चव तुरट-कडू. काळपट रंग आणि कुबट वास म्हणजे गर नीट न धुता बिया वाळवल्या, बुरशी धरली. बिया धुऊन तीन-चार दिवस वाळवतात, वरचं पातळ टरफल काढतात, पुन्हा वाळवतात आणि मग दळतात. मधली पायरी गाळली की पूड चोथट होते. इथली पूड स्वच्छ आहे. पण साखरेची गोळी बंद करून तिच्यावर अवलंबून राहू नये, आणि गोळीसोबत रोज घ्यायची असेल तर डॉक्टरांना सांगून घ्यावी. पुडीवर ‘मधुमेह जाईल’ असं कुणी हातानं लिहून ठेवलंय, ते पुसून टाकलं तर बरं.

आणि आता ती बाटली. ही बायांनी केलेली नाही, बाहेरचा माल आहे, कमिशनवर ठेवतात. चित्रावर जांभळं आहेत, नाव ‘ब्लॅकबेरी’. जांभळाला इंग्रजीत कुठे कुठे ‘इंडियन ब्लॅकबेरी’ म्हणतात, घोटाळा तिथून सुरू होतो. खरी ब्लॅकबेरी हे युरोप-अमेरिकेतल्या काटेरी झुडपाचं फळ, गुलाबाच्या कुळातलं. बारीक काळ्या मण्यांचा एक घोस, प्रत्येक मण्यात एक चिमुकली बी. जांभूळ हे पेरू-लवंगेच्या कुळातल्या मोठ्या झाडाचं, एकाच बीचं फळ. नात्यानं दोघांचं काही नाही. काट्यांत हात घालून तोडायचं बारकं काळं फळ म्हणून ब्लॅकबेरीची जोडी खरं तर आपल्या येरोणीशी जमते.

ब्लॅकबेरी इंग्रजांच्या खेड्यांतही अशीच बोलण्यात रुजलेली होती. एखादी गोष्ट रग्गड आहे हे सांगायला ‘ब्लॅकबेरीइतकी’ म्हणत, कारण कुंपणाकुंपणाला ती फुकट लगडलेली असे. आणि २९ सप्टेंबरच्या सेंट मायकेलच्या सणानंतर ती तोडायची नाही, सैतान तिच्यावर थुंकतो असा समज. तिकडे त्या सुमारास गारठा आणि ओल वाढते, फळ पाणचट होतं, बुरशी धरतं. म्हणजे त्यांचा सैतान आणि आपल्या आर्द्रा, काम एकच.

बाटलीत मात्र यातलं कोणतंच फळ नाही. मागचं लेबल वाचावं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावे लागतात. इथं साखर, पाणी, सायट्रिक आम्ल, ‘ब्लॅकबेरी फ्लेवर’, आणि रंग १२२ व १३३, म्हणजे कार्मोसीन आणि ब्रिलियंट ब्लू. लाल आणि निळा मिळून जांभळा. फळाच्या रसाचा उल्लेखच नाही. स्क्वॉश म्हणून विकायचं तर फळाचा अंश किमान २५ टक्के लागतो, म्हणून बाटलीवर ‘स्क्वॉश’ शब्द टाळून ‘सरबत’ लिहिलं आहे. चौदा आकडी परवाना क्रमांक छापलेला आहे, तेवढं ठीक. लेबल वाचायचं नसेल तर घरची कसोटी: कपभर पाण्यात चमचाभर सरबत, त्यात चिमूटभर खायचा सोडा. जांभळाचा अस्सल रंग सोड्यानं निळसर-हिरवट होतो आणि लिंबू पिळलं की पुन्हा लालसर. बाटलीतलं सरबत सोड्यात जसंच्या तसं जांभळं राहिलं. पाचपैकी एक, आणि तोही बाटली काचेची आहे म्हणून.

त्यापेक्षा याच ओळीतली दोन किलो लेंडी जांभळं घ्यावीत. धुऊन स्टीलच्या पातेल्यात पावशेर पाणी घालून रवीनं घुसळावीत. मिक्सर नको, बी फुटली की कडवटपणा उतरतो. लोखंडी कढई तर मुळीच नको, टॅनिन आणि लोखंड मिळून रस शाईसारखा काळा पडतो. मंद आचेवर वाफ येईपर्यंत तापवायचं, उकळी येऊ द्यायची नाही, मग चाळणीवर घासून गाळायचं. लिटरभर रसाला सव्वा किलो साखर, अर्धा लिटर पाणी, १५ ग्रॅम सायट्रिक आम्ल. साखर पाण्यात विरघळवून, गाळून, गार झाल्यावरच रस मिसळायचा. फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन आठवड्यांत संपवायचं असेल तर आणखी काही नको. जास्त टिकवायचं तर एवढ्या मापाला दीड ग्रॅम सोडियम बेंझोएट, थोड्या कोमट पाण्यात विरघळवून. लिंबाच्या सरबताला घालतात ते पोटॅशियम मेटाबायसल्फाइट जांभळाला घालू नये. त्यातला गंधकाचा वायू जांभळा रंग उडवतो आणि बाटलीत मळकट गुलाबी पाणी उरतं. सगळी मेहनत आणि रंग असा, की पाहुण्याला सांगावं लागतं हे जांभळाचं आहे म्हणून.

बाजार दुपारी बाराला भरतो, पण ही ओळ एकच्या आधी मांडली जात नाही. रायजांभूळ तीनपर्यंत संपतं, येरोण्या त्याहून लवकर. डबा घरून न्यावा, पसरट. पिशवीत जांभूळ घरापर्यंत अखंड येत नाही. पांढरा सदरा घालून जाऊ नये. पैशांसाठी बांबूला क्यूआर कोड टांगला आहे, पण त्या कोपऱ्यात रेंज मडक्यांच्या ओळीपर्यंत चालत गेल्यावर येते, तेव्हा सुटे खिशात असू द्यावेत.